पोत्यात नक्की काय?

उदगीरच्या डाळमिलमध्ये लुंबिनीला रुजू होऊन आठवडा झाला होता. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनीअर झालेल्या या पोरीला मालकांनी घेतलं होतं ते खात्याखात्यांत मेळ घालायला. खाती कसली, तीन संस्थानंच ती. खरेदीचे ईश्वरप्पा, पॅकिंगचे रामकिशन आणि विक्रीची तनुजा एकाच व्हरांड्यात बसायचे, पण एकमेकांशी बोलायचे शिपायामार्फत.

त्या सकाळी नांदेडचा ट्रक गेल्यावर लुंबिनीनं सहज विचारलं, आत माल कोणता?

"हरभरा डाळ," तनुजा म्हणाली. "व्यापाऱ्याला मीच कबूल केलीय."

"हरभरा कुठला? तूर," ईश्वरप्पा म्हणाले. "भाव लई चांगला घावला, तीच घेतली."

"पोती तर मुगाची हायत," रामकिशन पुटपुटले. "तीच शिल्लक होती."

लुंबिनीनं गंभीर राहायचा फार प्रयत्न केला. मग तिला असं हसू फुटलं, की भिंतीला टेकावं लागलं. तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. ड्रायव्हर फोन उचलेना, तेव्हा तिनं तिघांनाही जीपमध्ये कोंबलं.

अहमदपूरच्या पुढं, चहाच्या टपरीवर ट्रक सापडला. रामकिशननी मुगाच्या पोत्याची शिवण उसवली. आत पिवळीधमक तूरडाळ. आधी तनुजा फिसकन हसली, मग ईश्वरप्पांचं पोट हलायला लागलं.

लुंबिनीनं नांदेडच्या व्यापाऱ्याला, आप्पासाहेबांना, स्पीकरवर फोन लावून खरं ते सांगितलं.

"तूर हाय?" ते म्हणाले. "द्या की मग. तुमच्या तनुजाबाईंनी हरभरा पाठवू का म्हणून इचारलं, मी हाव म्हणलो. गिऱ्हाईक तूरच मागून राहिलंय."

"मग तसं सांगायचं न्हाई का?" ईश्वरप्पा फोनवर ओणवे झाले.

"इचारलं कुणी?"

आता माघारी कशाला जायचं? चौघं ट्रकच्या मागोमाग नांदेडला आप्पासाहेबांच्या दुकानी गेले. बिल बदललं, माल साध्या पोत्यांत भरला. तीस वर्षं तूर घेणाऱ्या ईश्वरप्पांनी ती विकत नेणारं माणूस कधी पाहिलं नव्हतं. ते थेट गल्ल्यापाशी जाऊन उभे राहिले आणि डाळ घ्यायला आलेल्या एका बाईला विचारू लागले, "शिजते का लवकर?"

"शिजती, पण जरा बारीक हाय," ती म्हणाली.

"ऐकलंत का, रामकिशन?" ईश्वरप्पांनी दुकानातूनच हाळी दिली. रामकिशन चाळणी बदलायचं बोलू लागले, तनुजा पुढच्या महिन्याची मागणी सांगू लागली, तिघांचे आवाज एकमेकांवर चढले. लुंबिनी साखरेच्या पोत्यावर बसून ऐकत राहिली. हसून हसून तिचे गाल दुखत होते.