आडवं बोअर

भिमाजीनं रिकामा कॅन बाकाखाली सरकवला, टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि म्हणाला, "वजीरभाई, तेवढंच पुन्हा वाचा. त्या भोकाचं."

वजीरनं पेपर पुन्हा उलगडला. निरगुडसरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आखातातल्या बातम्यांवर पहिला हक्क वजीरचा होता, कारण त्याचा मेहुणा तन्वीर सौदीत टँकर चालवत होता. एरवी वजीर जुन्नरहून यंत्र घेऊन यायचा, लोकांच्या विहिरीत उतरायचा आणि तळाजवळच्या खडकात आडवं बोअर मारायचा. शेजारून जाणारा झरा त्या भोकातून आपल्या विहिरीत यावा, एवढाच त्यातला हिशेब.

"इराकचं म्हणणं असं," वजीर म्हणाला, "की कुवेतनं आपल्या हद्दीत यंत्र लावलं, पण बोअर तिरकं घातलं. तेल उपसलं ते इराकचं."

"म्हंजी शेजाऱ्याच्या इहिरीत भोक पाडलं म्हना की!" भिमाजी मांडीवर थाप मारून हसला. "अन् त्यापायी मला मंचरच्या पंपावर दोन दिस रांगंला हुबं राहून डिझेल न्हाई! काय रं कुंडलिक?"

कुंडलिकनं बशी तोंडाला लावली होती. चहा नेमका त्याच वेळी श्वासात गेला. तो इतका खोकला, की वजीरला त्याची पाठ चोळावी लागली. पाठ चोळताना वजीरनं वर छताकडे पाहिलं. कुंडलिककडे नाही.

"तन्वीर काय म्हनतो?" भिमाजीनं विचारलं.

"लढाई पेटायच्या आधीचं पत्र आहे. टँकर हद्दीपासून मागं घेतलेत म्हणे. दर दहा मैलांवर चौकी. पाण्याच्या बाटलीचंसुद्धा बूच काढून वास घेतात. भांडण दोघांचं, पण झडती सगळ्या शेजाऱ्यांची."

"बरोबर हाय. हद्द राखाया पायजे," भिमाजी म्हणाला आणि कॅन उचलून चालू लागला.

कुंडलिक मात्र बसून राहिला. पाच वर्षांपूर्वी वजीरनं त्याच्या विहिरीत सत्तर फूट आडवं बोअर मारलं होतं. कुंडलिकच्या विहिरीपासून भिमाजीचा बांध तीस फुटांवर. बाकीचे चाळीस फूट कुणाच्या रानाखाली गेले, हे सांगायला तलाठी लागत नव्हता. त्या आठवड्यात भिमाजी सासुरवाडीला गेला होता. तेव्हापासून कुंडलिकच्या विहिरीचं पाणी हटलं नव्हतं. आणि तेव्हापासून त्यानं भिमाजीच्या विहिरीत एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. लग्नकार्यात त्याच्या पंगतीला बसला, त्याच्या बैलांना औषध पाजलं, पण विहिरीच्या कडेनं जायची वेळ आली की कुंडलिकला आभाळातले पक्षी दिसायचे.

घरी साळुबाई पीठ चाळत होती, म्हणजे फडक्यातून गाळत होती, आणि दर चिमटीला गोजरबाईचा उद्धार करत होती. गोजरबाई भिमाजीची बायको. तिनं साळुबाईची पितळी चाळण नेलेली, ती परत आलीच नव्हती. चाळण साळुबाईच्या लग्नातली, काठावर नाव घातलेली.

"इचारलं की म्हनती, गावंना. चाळणीला काय पाय फुटलं?"

"नवी आन की."

"नवी कशाला? माझी हाय ना." तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं? तोंड का उतरलंय?"

कुंडलिकनं सगळं सांगितलं. बोअरचं तिला माहीत होतंच.

"त्याचा गहू पोटरीत हाय," साळुबाई म्हणाली. "एक पाणी न्हाई मिळालं तर वरीस गेलं त्याचं. त्याला डिझेल न्हाई, आपली मोटर लाइटीवर चालतीया. पाइप टाका अन् द्या पाणी."

"अन् त्यानं इचारलं, तुझ्या इहिरीला एवढं पाणी कुठनं, तर?"

"मग सांगा."

"चाळीस वर्सं एका बांधाला हाय आमी, साळू."

"म्हनून तर सांगा."

कुंडलिकनं सांगितलं नाही. उलट, उपशाचा आवाज नको म्हणून मोटरच बंद ठेवली. दुसऱ्या दिवशी भिमाजीनं आपली बाज उचलून बांधावर आणून टाकली. सकाळ-दुपार तो तिथं बसून कुंडलिकच्या विहिरीकडे कान लावायचा. कुंडलिकनं लांबून हात केला. भिमाजीनंही केला, पण उठला नाही. तिसऱ्या दिवशी कुंडलिकच्या कांद्याची पात लवली. भिमाजीचा गहू तर माना टाकायच्या बेतात होता. चौकी मात्र हलली नाही.

चौथ्या दिवशी कुंडलिकनं वजीरला निरोप धाडला.

"बुजवायचं?" वजीरनं विहिरीच्या काठावर उकिडवं बसत विचारलं. "कुंडलिकभाऊ, वीस वर्षांत बुजवायला मला कुणी बोलावलं न्हाई."

"लाकडाची खुंटी मारा, गोणपाट कोंबा, कायबी करा. गपचिप."

"गपचिप कसं व्हईल? तुमी ते भोक त्या अंगानं कधी बघितलंय का?"

"कुठल्या अंगानं?"

वजीरनं दाढी खाजवली. "त्या दिवशी शेवटच्या हाताला रॉड मोकळा पळाला. तुमी म्हनला, मोठा झरा लागला. मी म्हनलो, लागला. माझं काम भोक पाडायचं, गिऱ्हाइकाचा आनंद मोडायचं न्हाई." तो उठला. "चला."

आणि कुंडलिक काही बोलायच्या आत तो बांधाकडे निघालासुद्धा. मागोमाग जाण्यावाचून इलाज नव्हता. बाजेवरून भिमाजीनं दोघांना येताना पाहिलं. वजीरच्या हातातली लाकडाची खुंटी त्यानं आधी पाहिली.

"काय रं, बुजवाया निघालास काय?"

कुंडलिकच्या पायाखाली मऊ ढेकूळ होतं. ते त्यानं अंगठ्यानं फोडलं, मग त्याचे तुकडे फोडले.

"भिमा, माझं चुकलं."

"मोटर जळली का तुझी?"

"आं?"

"चार दिस आवाज न्हाई. रोज इथं बसून ऐकतोय. मला वाटलं मोटर जळली, अन् गडी लाजंपायी सांगंना. माझं इंजिन डिझेलावाचून उपाशी, म्हनलं तुझी तरी चालू असंल, तर पाणी तुझ्याकडनं वर घेऊ. हिकडनं तिकडं जातंयच. तिकडनं हिकडं पाइपानं यील."

कुंडलिकला ते वाक्य मनात दोनदा फिरवावं लागलं.

"तुला ठावं व्हतं?"

"इहीर कुनाची हाय?" भिमाजी म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दिसतंयच की. मी इचार केला, यील कधीतरी सांगाया. पाच उन्हाळं बघितलं."

वजीर खुंटीवरची साल सोलत राहिला.

"मग त्या दिशी हॉटेलात..."

"तुझा खोकला बघाया," भिमाजी म्हणाला. "लई गमतीचा खोकतोस."

दोन तासांत पाइप बांधावरून आडवा पडला. लाइट आली तशी साळुबाईनं पलीकडून बटण दाबलं. काळा पाइप एकदा फुगला, सळसळला आणि गव्हाच्या पहिल्या वाफ्यात पाणी उतरलं. भिमाजी खोरं घेऊन दारं धरायला पळाला.

"उपसा लागलाय का बघ रं, इहिरीत!" त्यानं लांबून ओरडून सांगितलं.

कुंडलिक भिमाजीच्या विहिरीच्या काठावर गेला. दगडावर हात टेकून, पाच वर्षांत पहिल्यांदा, आत वाकला.

पाणी नितळ होतं. दीड पुरुष खाली, हातभर पाण्यात, खडकात ते भोक होतं. त्याच्या दिशेनं एक पिवळं पान हळूहळू निघालं होतं. पण पान भोकात शिरलं नाही. भोकावर गोल जाळी बसवली होती, चारी बाजूंनी तारेनं आवळून, खडकात खिळे ठोकून. तीन तारा काळ्या पडलेल्या. चौथी नवी, लखलखीत.

"बेडकं शिरत्यात त्यात," भिमाजी वाफ्यातून ओरडला. "तुझी मोटर अडकली असती!"

कुंडलिक आणखी वाकला. जाळीचा काठ पितळी होता. काठावर काही अक्षरं होती. पाण्यामुळे ती हलत होती, पण ओळखू येत होती.

पलीकडच्या बांधावर साळुबाई येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, गोजरबाईच्या घराकडे तोंड.

"एवढं काय बघताय वाकून?"

"काय न्हाई." कुंडलिकनं घसा साफ केला. "साळू, ती चाळण मागू नको गोजरबाईला."

"का म्हनून?"

पान जाळीला जाऊन चिकटलं. खालून पाणी वाहतच राहिलं.

"कामात हाय," कुंडलिक म्हणाला.