ढोल्याचं पथ्य

वेल्डरची लेक आजारी पडून दवाखान्यात गेली, आणि तिचे दोन गिनीपिग त्याच्या गळ्यात पडले. जाडा तो ढोल्या, अंगावर ठिपके असलेली ती ठिपकी. त्यांना काय घालायचं, काय नाही, हे तिनं जाता जाता सांगितलं होतं. पण तिच्या तापाच्या घोरात त्यातलं निम्मंअर्धं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

बायको लेकीपाशी राहिली. वर्कशॉपमधून आल्यावर घर खायला उठायचं. तो दार उघडायचा तशी ती दोघं शिट्टी घातल्यासारखी ओरडायची. त्या घरात त्याची वाट बघणारं तेवढंच कुणी होतं. नुसतं वाळलं गवत काय घालायचं बिचाऱ्यांना, म्हणून तो बिस्किटं दुधात भिजवून द्यायचा, आपल्या ताटातला पाव द्यायचा. ठिपकी हुंगून मागं सरायची. ढोल्या मात्र तुटून पडायचा.

एका संध्याकाळी ढोल्या ओरडला नाही. कोपऱ्यात बसला होता, पोट टणक झालेलं. वेल्डरनं त्याला शर्टात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"काय खाल्लंय यानं?"

त्यानं सांगितलं. बाईंनी ढोल्याचं पोट चाचपलं.

"यांचं पोट गवतावर चालतं हो. सोबत थोडी कोथिंबीर, ढोबळी मिरची. पाव, बिस्किट, दूध सोसत नाही. आणि यांना उलटीसुद्धा करता येत नाही."

त्यांनी इंजेक्शन दिलं, पण ढोल्या टेबलावरच गेला.

"तिला इतक्यात काही बोलू नका," बायको म्हणाली. लेक रोज फोनवर विचारायची आणि तो "मजेत आहेत" म्हणायचा.

ती घरी आली ती काडीसारखी होऊन. थेट पिंजऱ्यापाशी गेली.

"बाबा, ढोल्या कुठाय?"

"गेला गं बाळा. मीच लाडानं नको ते खायला घातलं."

"कधी?"

"तू तिकडे होतीस तेव्हा."

"मला तिथं सुया टोचायचे ना, तेव्हा मी त्याचाच विचार करायचे," ती म्हणाली. "घरी गेले की मांडीवर घेईन म्हणून."

ढोल्या गेल्यापासून ठिपकीनंही खाणं सोडल्यासारखंच केलं होतं. लेकीनं गवताची काडी तिच्या तोंडाशी धरली. ठिपकीनं मान फिरवली. लेकीनं हात तसाच धरून ठेवला, आणि बापाकडे न बघता थोडी सरकून त्याला शेजारी बसायला जागा दिली.