त्रेचाळीस फुल्या

प्रभागातल्या दारांची नाडी कुणाला ठाऊक असेल तर ती पार्सलवालीला. सहा वर्षं तिनं त्या गल्ल्यांतून पार्सलं वाटली होती. कुठल्या मजल्यावरचे आजोबा दार उघडायला चार मिनिटं घेतात, कुठली बाई नवऱ्याला न सांगता चपला मागवते, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं, सगळं तिला तोंडपाठ. चिंगी झाली आणि काम सुटलं. नाव तेवढं चिकटून राहिलं.

म्हणून पोटनिवडणूक लागली तेव्हा शिडीवाल्यांनी तिला गाठलं यात नवल नव्हतं. शिडी ही त्यांची निशाणी. समोर किटलीवाले. त्यांनीही तिला गाठलं असतं, पण त्यांना वाटलं, चष्मेवाल्याची लेक, ही तर घरचीच. तिचे बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात चष्मे दुरुस्त करायचे आणि गेली चाळीस वर्षं किटलीवाले होते. मतदानाच्या दिवशी किटलीच्या टेबलावर बसायचा त्यांचा मान कुणी हिरावून घेतला नव्हता. जावई गमतीनं म्हणायचा, सासऱ्यांचं रक्त तपासायला दिलं तर अहवालात चहा निघेल.

पण शिडीची उमेदवार होती सिस्टर. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढून निवृत्त झालेली. निम्म्या प्रभागानं पहिलं रडणं तिच्या हातात रडलेलं. चिंगीसुद्धा. मागच्या खेपेला सिस्टर एकोणीस मतांनी पडली होती. निवडून आलेला गृहस्थ अर्ध्यातच राजीनामा देऊन लेकीकडे राहायला निघून गेला आणि जागा रिकामी झाली. सिस्टरनं या वेळी एकच गोष्ट सांगितली होती: पाणीपट्टी भरायची जुनी खोली बंद पडलीय, तिथं पाळणाघर काढीन.

पार्सलवालीला ते पाळणाघर हवं होतं, तहानलेल्याला पाणी हवं असतं तसं. कुरिअरवाल्यांनी परत रुजू व्हायला दोन महिन्यांची मुदत दिली होती, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्या बंद खोलीच्या खिडकीला नाक लावून तिचे मनातल्या मनात पाळणे मांडूनही झाले होते. इथं चार, तिथं तीन, उन्हाच्या बाजूला पडदा.

मग काय, चिंगीला पोटाशी बांधून ती दारोदार फिरली. हातात मतदारयादी, कानामागे पेन्सिल. आपला असेल तर टिक, कुंपणावरचा असेल तर गोल, त्यांचा असेल तर फुली. बाकीच्या पोरी सिस्टरला बरं वाटावं म्हणून टिकांचा पाऊस पाडायच्या. हिला ते जमायचं नाही. दार कसं उघडतं त्यावरून हिला माणूस कळायचा, आणि कळलं तेच ती मांडायची. बाबांच्या नावापुढं तर तिनं हसत हसत फुली मारली. सिस्टरनं ती यादी पाहिली, तिची नक्कल करून घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली होती की अख्ख्या प्रचारात खरं सांगणारी तू एकटी.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी सिस्टर घरी आली. चिंगीचे दात येत होते, पोर सकाळपासून किंचाळत होती, नवरा बेकरीतली पहाटेची पाळी करून आतल्या खोलीत मेल्यासारखा झोपलेला. सिस्टरनं काही न बोलता पोरीला खांद्यावर घेतलं, हिरडीवरून करंगळी फिरवली, आणि पाच मिनिटांत घर शांत. मग पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. यादीतल्या दुरुस्त्या आहेत, म्हणाली, फिरलीस तू, तर सही तुझी लागणार. वरचं आमची माणसं भरतील. पार्सलवालीनं सह्या केल्या. झोपलेल्या लेकराकडे बघत, भराभर, कृतज्ञतेनं केल्या. पार्सलवालीनं न वाचता सही करावी ही खरं तर गंमतच, कारण सहा वर्षं ती लोकांना हेच सांगत आली होती: आधी बघा, मग सही करा.

आज, तीन आठवड्यांनी, नवी यादी आली.

शिडीच्या प्रचार कार्यालयात लांब बाकावर बसून ती मतदारांच्या चिठ्ठ्या लिहीत होती. नाव, अनुक्रमांक, खोली क्रमांक. चिंगी मांडीवर एक रबर चघळत होती. बाबांची चिठ्ठी आपल्याच हातानं लिहावी म्हणून तिनं त्यांचं पान काढलं. नाव होतं. नावावर आडवा शिक्का होता: वगळले.

छपाईची चूक, तिला वाटलं. तिनं पान उलटलं. तिसऱ्या मजल्यावरचा बहिरा शिंपी, वगळले. जिन्याखाली राहणाऱ्या दोघी बहिणी, वगळले. शिकवणीवाल्या बाई, वगळले. तिनं पिशवीतून आपली पेन्सिलची यादी काढून शेजारी ठेवली. बोट या यादीवर, बोट त्या यादीवर. जिथं जिथं फुली, तिथं तिथं शिक्का. एक चुकलेली नाही, एक जास्तीची नाही.

शेजारच्या पोरीनं विचारलं, काय गं, पांढरीफटक का पडलीस? ती म्हणाली, काही नाही, पोरीला भूक लागलीय. आणि उठली.

निवडणूक कार्यालय दोन चौक पुढं. तिथला कारकून ओळखीचा. त्याच्याही घरी तिनं कधीकाळी एक पंखा पोचवला होता. त्यानं बाबांचा क्रमांक पाहिला, कपाटातून फाईल काढली आणि एक कागद तिच्यापुढं सरकवला. वर गोलगोल परक्या अक्षरात बाबांचं नाव, दुकानामागच्या खोलीचा पत्ता, आणि छापील ओळ: सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. आक्षेप घेणाऱ्याची सही खाली. घाईत शेपूट लांबलेली. तिची.

ती त्या सहीकडे बघत राहिली. आपलाच चेहरा भलत्याच्या धडावर दिसावा तशी.

कारकुनानं सगळं समजावून सांगितलं. आक्षेप आला की नोटीस फलकावर लागते, मुदतीत कुणी हजर झालं नाही की नाव जातं. फलक वाचायला कोण येतं? अशी सगळी मिळून त्रेचाळीस, सगळी हिच्या सहीची. आक्षेप मागे घेता येतो, पण तो ज्यानं घेतला त्यालाच, आणि आज पाचपर्यंतच. पाचनंतर यादी बंद, आणि मतदान रविवारी. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक असेल तर चूक म्हणता येते, ताई. त्रेचाळीसला कुणी चूक म्हणत नाही. खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते बघा. खोटं लिहून देणं गुन्हा आहे. नोटीस तुमच्याच नावे निघेल."

सिस्टरला यातलं काही माहीत नसेल, कुणा आगाऊ कार्यकर्त्यानं हे परस्पर केलं असेल, अशी समजूत घालत ती तिच्या घरी पोचली. सिस्टर पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. प्रचारानं टाचा सुजलेल्या. पार्सलवालीनं दारातच सगळं सांगितलं. सिस्टरनं शांतपणे ऐकलं, पाय पुसले, आणि चिंगीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"बाबांचं नाव त्यात यायला नको होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, तेवढं बाजूला काढा म्हणून. राहून गेलं. चुकलंच ते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काय? मागच्या वेळी त्यांनी मेलेल्या माणसांची मतं टाकली, बाळा. मी सरळ वागले आणि एकोणीसनं पडले. सरळपणाचं कुणी पाळणाघर काढून देत नाही." तिनं चिंगीचं टोपडं नीट केलं. "जा, बाबांचं तेवढं मागे घेऊन ये. बाकीच्यांना हात लावू नकोस. सही तुझी आहे, तेवढं ध्यानात ठेव."

ज्या आवाजात तिनं बाळंतपणाच्या वेळी 'आता जोर लाव' म्हटलं होतं, तोच आवाज. तितकाच मायेचा. पार्सलवालीला रडू येईना, राग येईना. नुसते कान बधिर झाल्यासारखे झाले. रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण निघताना सवयीनं 'येते हं' म्हणालो.

पावणेतीन. बाबांचं एकट्याचं करायचं, असं ठरवून ती चालू लागली. एक म्हणजे चूक. कारकून शहाणा माणूस, त्यानं वाट दाखवलीच आहे. कुणाला कळणारही नाही. कार्यालयाच्या वाटेवरच बाबांचं दुकान होतं, आणि तिथून मान खाली घालून पुढं जाणं तिला जमलं नाही.

बाबा एका दांडीचा बारीक स्क्रू बसवत होते. डोळ्याला भिंग. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग एका दमात. स्क्रू चिमट्यातून सुटून फरशीवर पडला. एरवी असा स्क्रू पडला की बाबा दुकान डोक्यावर घ्यायचे आणि गिऱ्हाइकालासुद्धा पाय हलवू द्यायचे नाहीत. आज त्यांनी खाली पाहिलंही नाही.

"म्हणजे मी इथं राहत नाही," ते म्हणाले. "असं तू लिहून दिलंस."

"वाचलं नाही मी, बाबा."

त्यांनी भिंग काढून ठेवलं. त्याचा गोल वळ डोळ्याभोवती तसाच उमटलेला. मग त्यांनी विचारलं, कोण कोण? ती नावं सांगत गेली. बहिऱ्या शिंप्याचं नाव आलं तसा त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. तो तर पक्का शिडीवाला, म्हणाले, माझ्या घरचं कुणी आलं की हुज्जत नको म्हणून किटली किटली करतो. स्वतःचंच मत कापलंत तुम्ही. हसू मात्र दोघांनाही आलं नाही.

तिनं बेत सांगितला. तुमचं तेवढं आत्ता करून टाकते, पाचच्या आत.

"माझं एकट्याचं नको."

"बाबा, सगळ्यांचं केलं तर माझ्यावर केस होईल. ही एवढीशी आहे. कामावर परत कोण घेईल मला?"

"कळतंय मला. सगळ्यांचं कर असं मी कुठं म्हणतोय? बाप आहे मी तुझा. केसच्या तोंडी तुला देणार नाही." त्यांचा आवाज इथं चिरकला. तिनं त्यांचा तसा आवाज आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. "पण माझं एकट्याचं केलंस तर मी मत द्यायला जाणार नाही. मी आत जायचं आणि त्या दोघी बहिणींना माझ्यासमोर दारातून परत पाठवायचं? आणि का, तर माझी मुलगी शिडीत आहे म्हणून?"

एवढं बोलून ते खाली वाकले आणि स्क्रू शोधायला लागले. पाठमोरे. वाकलेल्या पाठीवर सदरा ताणलेला. पार्सलवालीला वाटलं होतं ते शिव्या देतील, मग ती रडेल, मग सगळं सोपं होईल. तसं काहीच झालं नाही. इथून पुढचं कुणी तिला सांगणार नव्हतं, उमेदवार नाही की बाप नाही.

कार्यालयात पोचली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. कारकुनानं माघारीचा एकच कोरा अर्ज काढून ठेवला होता. ती म्हणाली, सगळे द्या. त्यानं तिच्याकडे पाहिलं, चिंगीकडे पाहिलं, आणि गठ्ठा मोजून तिच्यापुढं ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी टाइप करणं थांबवलं.

पहिल्या कागदावर 'कारण' असं छापलेल्या रकान्यात तिनं 'चुकीने' असं लिहिलं. मग ते खोडलं. चूक एवढीच होती का, हे तिचं तिलाच सांगता येईना. तिनं लिहिलं: ही व्यक्ती इथेच राहते. पुढच्या कागदावरही तेच. प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचायचा, मग सही. नाव वाचलं की दार समोर यायचं. जिन्याखालचं दार, त्याला आतून पिवळा पडदा. शिकवणीवाल्या बाईंचं दार, बाहेर लहान चपलांचा ढीग. या माणसांनी तिला पाणी दिलं होतं, सुटे नसले तर उद्या द्या म्हटलं होतं. दार उघडून ही माणसं हसून तिला 'आम्ही किटलीचे' म्हणाली होती, आणि तेवढ्यावरून तिनं फुल्या मारल्या होत्या. ही व्यक्ती इथेच राहते. ही व्यक्ती इथेच राहते. मधे चिंगी रडली, तेव्हा भिंतीकडे तोंड करून तिला पाजता पाजता तिनं गुडघ्यावर चार कागद लिहिले. अक्षर वाकडं आलं. सही सरळ आली.

बाहेरून कुणीतरी शिडीवाला डोकावून गेला. सिस्टरपर्यंत बातमी पोचायला आता किती वेळ लागणार.

पाचला सात कमी असताना त्रेचाळिसावा कागद झाला. कारकून एकेका कागदावर शिक्का मारत गेला. धप्, धप्, धप्. शिक्के संपल्यावर त्यानं वेगळी वही उघडली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, नोटीस कुठं पाठवायची?

तिनं पत्ता सांगितला. इमारत, दुसरा मजला, जिन्यावरून वर आलं की डावीकडचं दार. मग म्हणाली,

"आणि आणणाऱ्याला सांगा, बेल बंद आहे. दार वाजवा म्हणावं. मी घरीच असते."