मागून न दिसणारा दिवा

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो, आणि गेले काही महिने मला माझ्याच पाठीची भीती वाटते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा रंग दुधासारखा होता. निमोण्याच्या हौसरावांनी मला घरी आणलं. त्यांच्या कारभारणीनं, सारजाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. तेव्हापासून बारा वर्षं मी त्यांच्या मळ्यातली शेवंती नि झेंडू वाहते आहे. "लक्ष्मी हाय आमची," असं ते चारचौघांत म्हणायचे, तेव्हा उगाच नवी झाल्यासारखं वाटायचं.

हौसराव मनाचे फार गोड. त्यांना कीर्तनाचं वेड. पहाटे किल्ली फिरवली की आधी महाराजांचा आवाज, मग माझा. दर अमावास्येला ते मला विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून न्हाऊ घालायचे. पाण्याला जोर असा, की पत्र्याला चिखलाचा कण राहायचा नाही. पण माझ्या मागच्या दिव्यांच्या काचेखालचं रबर केव्हाच कुजलं होतं. बाहेरून मी लखलखीत दिसायचे आणि आत थेंब थेंब पाणी मुरायचं. वाकून कुणी पाहिलं नाही.

पितृपक्ष लागला त्याच आठवड्यात माझ्या मागच्या उजव्या इंडिकेटरचा बल्ब गेला.

आम्हा गाड्यांना बोलता येत नाही. पण असा एखादा बल्ब गेला, की इंडिकेटर देताच आतली टिकटिक दुप्पट वेगानं होऊ लागते. तीच आमची हाक. मी जीव तोडून हाका मारू लागले.

"अहो, ही अशी घाईघाईनं का वाजती?" शेजारी बसलेल्या सारजाबाईंनी विचारलं.

"महाराजांचा गजर चढलाय न्हवं? तिनं बी टाळ धरलाय!" हौसरावांनी हसून स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. "गाडीला कळतंय, तुला कळंना."

"मला समदं कळतंय. तुमाला कवा कळायचं, त्ये बघा."

वस्तीवर जायला मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळावं लागतं. त्या वळणावर मी हाक द्यायचे, हौसराव टाळ ऐकायचे, आणि मागच्यांना काहीच दिसायचं नाही. एकदा रांजणगावहून येणारी कंपनीची बस माझ्या पाठीशी हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्या ब्रेकांचा वास माझ्या हौद्यात भरला. "काय पिसाळल्यात ही माणसं!" एवढंच म्हणून हौसराव वळले. त्या दिवसापासून प्रत्येक वळण जवळ आलं की मला वाटायचं, आज मागे कोण असेल?

एका शनिवारी मागे तेजश्री होती.

तेजश्री ही त्यांची धाकटी लेक. रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर कामाला. त्या दिवशी तिची पाळी लवकर सुटली आणि रस्त्यात आमची गाठ पडली. ती स्कूटीवरून आमच्या मागे मागे येत होती. वळण आलं. हौसरावांनी वेग कमी केला, इंडिकेटर दिला. मागून तेजश्रीला फक्त कमी झालेला वेग दिसला; तिला वाटलं, आप्पा आपल्याला पुढे जायला वाट देताहेत. ती उजवीकडून पुढे निघाली. माझ्या आरशात तिचं हेल्मेट मोठं मोठं होत गेलं. आत गजर टिपेला पोहोचला होता. मी टिकटिकत राहिले, आणि माझं चाक वळलं.

आवाज फार मोठा झाला नाही, मित्रांनो. म्हणूनच तो विसरता येत नाही.

ती माझ्या कोपऱ्याला घासून बाजूच्या नांगरटीत पडली. ढेकळं मऊ होती म्हणून जीव वाचला. मनगट मात्र मोडलं.

"आप्पा, निदान हात तरी दाखवायचा!"

"आगं, इंडिकेटर दिला हुता की! टाळावानी वाजत हुता!" हौसराव तिला उठवत म्हणाले.

"वाजत असंल तुमच्यापाशी. मागं अंधार हुता, आप्पा."

त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी अंगणात त्यांनी नवा बल्ब आणि स्क्रू ड्रायव्हर आणला. एक स्क्रू गंजून बसला होता, त्यावर डिझेलचा थेंब सोडला. काच निघाली तसं आतलं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. ते कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जुना बल्ब आत दाबून, फिरवून काढला. त्याची काच काळीठिक्कर पडली होती. नवा बल्ब फडक्यात धरून बसवला आणि ते आत जाऊन इंडिकेटर देऊन ओरडले, "लागला!"

"आत बसून न्हाई सांगायचं," प्लास्टरमधला हात छातीशी धरून माझ्या मागे उभी असलेली तेजश्री म्हणाली. "कंपनीत ज्यानं जोडलं, त्याला तपासू देत न्हाईत. मी मागं हाय. मी सांगते. न्हाई लागला."

होल्डरला हिरवट गंज चढला होता. काचपेपरनं तो खरवडल्यावर दिवा उघडमीट करू लागला. हौसरावांनी जुन्या ट्यूबचं रबर कापून काचेखाली घातलं आणि माझ्या पत्र्यावर कपाळ टेकलं.

"आन् डावीकडचा?" सारजाबाईंनी विचारलं.

"त्यो लागतोय की."

मित्रांनो, हौसराव आता त्या वळणावर कीर्तन बंद करतात, काच खाली करून हातही दाखवतात. पण त्या एकाच वळणावर. शाळेकडे जायला मी डावीकडे वळते, तिथे आवाज चालूच असतो. माझ्या डाव्या काचेच्या आत थेंब जमले आहेत. परवा अमावास्या आहे, पाइप पुन्हा लागेल.

शाळा सुटल्यावर तुम्ही रस्त्याच्या डाव्या कडेनेच चालता ना? मग तुमच्या घरी जी कुठली गाडी असेल, ती उभी असताना उद्या सकाळी तिच्या मागे जाऊन उभे राहा आणि आत बसलेल्याला दोन्ही बाजूंचे इंडिकेटर द्यायला सांगा. दिवा लागला नाही, तर मोठ्यांना न भिता ओरडून सांगा.

मला ओरडता येत नाही.