सातची ओळ

…रीडरची काच काळी झाली, मग पांढरी, मग त्या पांढऱ्यातून राखाडी अक्षरं हळूहळू वर आली – आज मंगळवार. बाहेर ढगाळ. गोळी घे, डबीचा डावा कप्पा. बसमधल्या शेजारणीने मान तिरकी करून पाहिलं तेव्हा तिने रीडर पर्समध्ये पालथा ठेवला. गोळी घेणारं आता कोणी नाही. आईला जाऊन पाच आठवडे झाले, आणि हे तळहाताएवढं यंत्र अजून आपल्या वेळेला आपली ओळ दाखवतं. बंद करायला एक मिनिट पुरेल. ते एक मिनिट पाच आठवड्यांत सापडलेलं नाही.

मुळात तो पुस्तकं वाचायचा रीडर, तिनेच प्रवासासाठी घेतलेला. आई विसरायला लागली – आधी चष्मा, मग वार, मग बाबा गेले हेही – तेव्हा तीन रविवार बसून तिने त्याचा हा खिशातला फलक केला. मोबाइलचा उजेड आईला सोसत नसे. हा कागदासारखा, डोळ्यांना न टोचणारा. गाऊनला मोठा खिसा शिवला. ठरलेल्या वेळी एक ओळ उमटायची, आईने ती वाचून कडेचं बटण दाबलं की ओळीपुढे बरोबरची खूण. "माझा पेपर तपासतेस होय गं?" आई म्हणाली होती. पण दाबायची, इमानाने.

आणि संध्याकाळी सातची ओळ. बाबांना यायला उशीर होईल. तू जेवून घे.

…त्याआधी रोज सातला आई टेबलावर तीन ताटं मांडायची आणि दाराकडे बघत बसायची. पहिल्यांदा मी खरं सांगितलं. दुसऱ्यांदाही. दर वेळी ती नव्याने विधवा व्हायची, माझ्यासमोर, अन्न गार होत असताना – आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन ताटं. पाचव्या वेळी माझ्याच्याने सांगवलं नाही.

शब्द शोधावे लागले नव्हते. बसथांब्यांवरच्या पाट्यांवर ज्या ओळी सरकतात त्या लिहिणं हे तिचं काम. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं होतं – 'रद्द' शक्यतो लिहायचं नाही. रद्द म्हटलं की माणूस भांडायला येतो. 'उशीर' लिही, माणूस थांबतो. सोळा वर्षं ती उशीर लिहीत आली होती. कितीतरी गाड्या, ज्या आगारातून निघाल्याच नव्हत्या. हात बसला होता. बाबांसाठीही तोच शब्द आला.

"काय गं, आजही डबा तसाच परत?" मार्गांचे नकाशे काढणारे म्हणून सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत, ते ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून समोर बसले. "त्या बिचाऱ्याला किती बसप्रवास घडवशील? पास काढ त्याचा."

"भूक नाही, काका."

"बरं. माझं यंत्र झालं का?" त्यांनी वडिलांसाठी घेतलेला नवा रीडर कालच तिच्या टेबलावर आणून ठेवला होता. "अण्णांनी आज सकाळपासून चारदा विचारलं, तुझी आई कुठे गेली. म्हटलं, बाजारात. चौथ्यांदा म्हणतात कसे – दुकान विकत घेतेय की काय!" काका हसले आणि मग चष्मा पुसत राहिले, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "तू ती उशिराची ओळ लावली होतीस ना, तीच टाक. बाबांच्या जागी आई कर, म्हणजे झालं. तुझ्या आईला पटायची ना ती?"

"पटायची."

"मग? उद्या दे. थकलो गं मी बाजाराला."

दुपारी तिने आईचा रीडर कॉम्प्युटरला जोडला. ओळी उचलायच्या होत्या फक्त. पण सोबत खुणांची यादीही उघडली – कोणत्या ओळीला किती वाजता बटण दाबलं. ही यादी तिने कधी नीट पाहिलीच नव्हती. गोळीची खूण आहे ना, एवढंच बघायचं आणि मिटायचं. आता ती खाली खाली जात राहिली. गोळी – खूण. दूध – खूण. मुलगी साडेसहाला येईल – खूण, कधी दोनदा. सात – खूण, पहिले नऊ दिवस. दहाव्या दिवशी नाही. अकराव्या नाही… चौदा महिने, बाकी सगळ्या ओळींना खुणा आणि सातच्या पुढे कोरं.

बिघाड? बटण तेच होतं. मुलगी येण्याच्या ओळीला दाबलं जाणारं बटण सातलाच रोज कसं बिघडेल.

आणि त्या वेळी मी तर घरात असायचे. ओट्याशी, आईकडे पाठ करून. मागे ती खिशातून रीडर काढायची, वाचायची, मग म्हणायची, "चल, आपण जेवून घेऊ." ताटं दोनच मांडायची. मला वाटायचं, जमलं. ओळ लागू पडली. वळून तिचा चेहरा मी एकदाही पाहिला नाही… कदाचित ती फक्त विसरायची. विसरणाऱ्या माणसाच्या न दाबलेल्या बटणाला किती अर्थ द्यायचा? पण मग तिसरं ताट विसरायला ती नेमकी खुणा थांबल्या त्याच दिवसांत कशी शिकली?

अण्णांच्या रीडरवर तिने वार, गोळी, दूध चढवलं. सातपुढची जागा तशीच ठेवली. काकांना सांगायचं होतं काहीतरी – काय, ते ठरेना – तोवर ते निघून गेले होते.

घरी आल्यावर तिने दिवा लावला, चप्पल काढली, टेबलाशी बसली. डबा समोर. सोळा वर्षांच्या त्या थांब्यांवर उभी असलेली माणसं तिला अचानक दिसली. पाटीकडे बघून, सगळं कळून, काही न बोलता पायी निघालेली.

रीडर काळा झाला. पांढरा झाला. बाबांना यायला उशीर होईल. तू जेवून घे.

अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. किती वेळ, ते कळलं नाही. पोटात काहीतरी पिळवटत होतं. दुःखच असेल असं ती धरून चालली होती, सवयीने. मग तिच्या ध्यानात आलं – भूक होती.