डोक्यावर बसलेला संशयित

मी गल्लीच्या तोंडावरचा दिव्याचा खांब. जरा दबक्या आवाजात बोलतोय, कारण माझ्या डोक्यावर जो येऊन बसलाय त्याचा मला अजून भरवसा नाही.

माझा जन्म भट्टीतला, त्यामुळे स्वभाव तापट. आजवर साधा बल्ब, मग ट्यूब, मग पिवळा दिवा, सगळ्यांना मी खांद्यावर घेतलं. मग नगरपालिकेनं वीज वाचवायचं मनावर घेतलं. माझी तार कापली, डोक्यावर सौर पॅनल ठोकलं आणि खाली पांढराफटक दिवा लावला. "आता हा उन्हावर चालणार!" वायरमन म्हणाला. उन्हात कपडे वाळतात, एवढं मला ठाऊक होतं. रात्रीचा उजेड उन्हातून? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी तेव्हाच म्हटलं.

माझ्या पायथ्याशी एक ओटा आहे. समोरच्या घरातल्या वडिलांनी त्यावर रंगानं बुद्धिबळाचा पट आखला आणि आपल्या दोन्ही मुलांना इथंच खेळ शिकवला. ते गेले, घराच्या मधोमध भिंत उठली आणि भावांचं बोलणं बंद झालं. वाटणीत पांढरी मोहरी थोरल्याकडे गेली, काळी धाकट्याकडे. आता एकट्यानं खेळायची सोय नाही! म्हणून रोज संध्याकाळी दोघं आपापली मोहरी घेऊन यायचे, मुकाट्यानं खेळायचे, आणि शह द्यायचा झाला की ओट्यावर बोटानं टकटक करायचे. तेवढंच नातं उरलं होतं.

नवा दिवा आला आणि खेळ रंगात आला की तो मंद व्हायला लागला. कुणी हललं की पुन्हा लख्ख! एकदा असाच उजेड परतला, तर थोरल्याचा घोडा एक घर सरकलेला.

"घोडा हलवलास तू!" कित्येक वर्षांनी थोरल्याच्या तोंडून शब्द फुटला, तोही असा. "भिंत बांधतानाही अशीच वीतभर माझ्याकडे सरकवलीस!"

"भिंत गवंड्यानं चुकवली, दादा. आणि घोड्याला मी शिवलोही नाही."

धाकट्यानं काळी मोहरी गोळा केली आणि दार लावून घेतलं. घोडा थोरल्याच्याच शालीच्या टोकानं सरकला होता. मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण खांबाला साक्षीला कोण बोलावतो? मला रडूच आलं.

त्यानंतर ओटा रिकामा राहिला. थोरला नुसती पांढरी मोहरी मांडून बसायचा, पटावरच्या समोरच्या रिकाम्या घरांकडे बघत. शेवटी वैतागून त्यानं दिव्याची तक्रार केली आणि नगरपालिकेच्या इंजिनिअर बाई आल्या.

"बिघाड नाही, काका. कुणी हलत नसलं की हा मंद होतो, बॅटरी पहाटेपर्यंत पुरावी म्हणून. तुम्ही दोघं विचार करत पुतळ्यासारखे बसत असाल. पूर्ण तेजावर ठेवू? पण मग पहाटे कामावर निघणाऱ्यांना अंधार."

थोरल्यानं घोड्याकडे पाहिलं, मग शालीच्या टोकाकडे पाहिलं, आणि शाल काढून बाजूला ठेवली.

पलीकडचं दार उघडलं. धाकटा काळी मोहरी घेऊन ओट्याशी आला. "राहू द्या, बाई. दादा विचार करेल तेव्हा मी हात हलवत जाईन."

"आणि तू विचार करशील तेव्हा?" थोरल्यानं विचारलं.

"तेव्हा तू हलव. एवढं तरी करशील ना?"

थोरल्यानं मान डोलावली. थोड्या वेळानं म्हणाला, "दुखला तर सांग हं हात."

तेव्हा संध्याकाळी इथून जाताना एखादा म्हातारा हवेत हात हलवताना दिसला, तर कृपा करून वेडा म्हणू नका. तो भावाला उजेड देतोय.

दिव्यावरचा माझा संशय मात्र गेलेला नाही. गल्लीतल्या बाकीच्या दिव्यांपेक्षा हा जरा लवकरच मंद होतो, मुद्दाम! पण या वेळी तक्रार कुणी केली, तर मी काही पाहिलेलं नाही.