बर्फातलं रक्त

सेलेपेबाबा आज खुशीत आहेत हे नमुने तपासणाऱ्या केकेत्सोला प्रयोगशाळेच्या खिडकीतूनच दिसलं. लेसोथोच्या डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने घोड्यावरून आणायचं काम ते अकरा वर्षं करत होते. आज डब्यात त्यांच्याच लेकीचं, लिम्फोचं रक्त होतं. दोन महिने क्षयाच्या गोळ्या घेऊनही ती खंगतच चालली होती. तपासायला थुंकी पडत नव्हती, तेव्हा रक्तातले जंतू बाटलीत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहायचं, एवढाच मार्ग उरला होता.

"वाटेत बर्फ वितळला," बाबा म्हणाले, "पण मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? खिंडीत उतरलो आणि डबा ताज्या बर्फाने गच्च भरला."

केकेत्सोने डबा उघडून बाटलीला हात लावला. ती गार पडली होती. ही बाटली गार करायची नसते. गारठली की त्यातले जंतू वाढतील याचा भरवसा नाही. 'बर्फाशिवाय डबा हलवायचा नाही' हे या घोडेस्वारांच्या डोक्यात तिनेच भरलं होतं. या एका बाटलीचं वेगळं असतं हे सांगायला मात्र ती साफ विसरली होती.

"बाबा, रक्त पुन्हा घ्यावं लागलं तर?"

"आता कुठून घेणार, पोरी? चार ठिकाणी टोचलं तेव्हा कुठे शीर सापडली. नर्सच रडायला लागली."

नियमाप्रमाणे असा बिघडलेला नमुना न तपासता बाटली परत करायची होती. केकेत्सोने ती यंत्रात ठेवली आणि "बघते" एवढंच म्हणाली. खरं सांगायची तिची छाती झाली नाही.

यंत्र बेचाळीस दिवस वाट पाहतं. बाबा दर मंगळवारी विचारायचे आणि ती "अजून नाही" म्हणायची. शेवटी कागद निघाला: जंतूंची वाढ नाही.

बाबांनी तो दोनदा वाचला. "नाहीतच की! आता गोळ्या बंद करायला सांगतो. ओकून ओकून जीव जातो तिचा."

ते घोड्याकडे वळले तशी केकेत्सो धावत बाहेर आली. तिने त्यांच्या घोंगडीचं टोक धरलं. "गोळ्या बंद करू नका, बाबा. ते रक्त गारठलं होतं. चूक माझी, मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. या कागदाला काही अर्थ नाही."

"म्हणजे जंतू आहेत?"

"माहीत नाही."

"मग औषध बदलायचं?"

"तेही सांगता येत नाही."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"लिम्फो दारातच बसली असेल," ते म्हणाले. "तिला काय सांगू, तेवढं सांग."